खेळाडूचें वय आणि कागदावरील तारीख

इ. स. १९८३ सालीं सुदानच्या दक्षिण भागांतील डिंका जमातीचा एक गुराखी तरुण बास्केटबॉल खेळण्यासाठीं अमेरिकेंत उतरला. त्याचें नांव मनूट बोल. उंची सात फूट सात इंच. पासपोर्टावर मात्र पांच फूट दोन इंच अशी नोंद होती! अंमलदारांनीं आपल्याला बसवून मोजलें, असा त्याचा खुलासा असे. जी उंची डोळ्यांना ढळढळीत दिसते तींतच कागद अडीच फुटांची तफावत करतो, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या वयाविषयीं त्याचा भरंवसा किती धरावा?

अधिकृत नोंदींत बोलचा जन्म १६ ऑक्टोबर १९६२ चा. परंतु क्लीव्हलंड येथील विद्यापीठांत त्याला आणणारे मार्गदर्शक केव्हिन मॅकी यांनीं पुढें अनेक वर्षांनीं सांगितलें कीं, ही तारीख आपणच ठरविली होती. त्याचें खरें वय कोणालाच ठाऊक नव्हतें. व्यावसायिक संघांतून खेळतांना तो कदाचित् चाळिशीच्याहि पुढें गेलेला असेल. बोल २०१० सालींच निवर्तला असल्यामुळें उत्तर देण्यास तो राहिला नव्हता.

यांत लबाडी कोणाची म्हणावी? जेथें जन्माची नोंद करण्याचा रिवाजच नाहीं, तेथें मूल कोणत्या दुष्काळांत किंवा कोणत्या पुराच्या सालीं झालें एवढेंच आईच्या लक्षांत राहतें. महाराष्ट्रांत तरी याचें नवल वाटूं नये. शाळेंत नांव घालतांना गुरुजींनीं १ जून ही तारीख ठोकून दिली, आणि जन्मभर तीच वाढदिवसाची झाली, अशीं माणसें घरोघर सांपडतील. निर्वासितांच्या दाखल्यांवर तिच्या जागीं पुष्कळदां १ जानेवारी असते, एवढाच भेद.

प्रौढांच्या खेळांत वयाचा एवढा बाऊ कशाला, असेंहि कोणी विचारील. चेंडू अडविणारा हात बावीस वर्षांचा कीं बत्तीस वर्षांचा, याचें चेंडूला सोयरसुतक नसतें. परंतु संघाचे मालक खेळाडूचा केवळ आजचा खेळ विकत घेत नाहींत. त्याचीं पुढचीं दहा वर्षें विकत घेतात. चीनचा यी जियानलियान याला २००७ सालीं मिलवॉकीच्या संघानें सहाव्या क्रमांकावर निवडलें. त्याचें अधिकृत जन्मवर्ष १९८७; तें वस्तुतः १९८४ असावें, हा प्रवाद कांहीं त्याची पाठ सोडीना. एकोणीस वर्षांचा मुलगा एवढें खेळतो तर तेविसाव्या वर्षीं काय करील, या आशेची किंमत मोठी. तोच बावीस वर्षांचा निघाला, तर ती आशा पुष्कळच ओसरते.

खरा अन्याय मात्र कुमारांच्या सामन्यांत होतो. सोळा वर्षांखालील संघांत अठरा वर्षांचा मुलगा घुसविला, कीं एक पंधरा वर्षांचा मुलगा बाहेर पडतो. आणि आपल्याला कां वगळलें, हें त्याला कधींच कळत नाहीं. आपल्यांतच कांहीं उणें होतें असें समजून तो मुकाट्यानें घरीं जातो. २०१६ सालीं कॅनडांतील विंडसर येथें तर शाळेच्या संघांतून खेळणारा सतरा वर्षांचा म्हणविणारा विद्यार्थी एकोणतीस वर्षांचा असल्याचें सीमा-अधिकाऱ्यांना आढळलें. अमेरिकेच्या प्रवेशपत्रासाठीं पूर्वीं केलेल्या एका अर्जाशीं त्याच्या बोटांचे ठसे जुळले होते. तोहि दक्षिण सुदानचाच; आपली नेमकी जन्मतारीख आपल्याला ठाऊक नाहीं, असें त्याचें म्हणणें. बोलच्या बाबतींत पटणारें हें उत्तर येथें गळीं उतरत नाहीं. घोळ चार-दोन वर्षांचा होऊं शकेल. बारा वर्षांचा नव्हे.

मग हाडांनाच विचारावें, असें पुष्कळांना वाटतें. मनगटाच्या क्ष-किरण चित्रांत हाडांच्या टोकांशीं असलेल्या कूर्चा कितपत जुळून आल्या, हें पाहून वय अजमावतात. त्यासाठीं वापरला जाणारा ग्रॉयलिक व पाइल यांचा प्रसिद्ध चित्रसंग्रह १९५० सालीं निघाला. आणि तो तयार झाला क्लीव्हलंडमधीलच सुखवस्तु गोऱ्या मुलांच्या हातांवरून! उपासमारींत वाढलेल्या मुलाचीं हाडें मागें राहतात. लवकर वयांत आलेल्याचीं पुढें धांवतात. बास्केटबॉलचे शिक्षक तर लवकर उंच झालेलीं मुलेंच वेंचून घेतात, तेव्हां निरपराध मुलावर आळ येण्याचा संभव या खेळांत मोठा. शिवाय अठरा-एकोणीस वर्षांच्या सुमारास मनगटाची वाढ पुरी होते, आणि त्यापुढें तें मनगट वयाविषयीं फारसें कांहीं सांगत नाहीं.

वाऊ गांवीं जन्मलेला आणि युगांडामार्गें ऑस्ट्रेलियांत गेलेला थॉन मेकर २०१६ सालीं एकोणीस वर्षांचा म्हणून दहाव्या क्रमांकावर निवडला गेला, तेव्हां तो बावीस-तेवीस वर्षांचा असल्याची कुजबुज झालीच. निर्णायक पुरावा कोणी पुढें आणला नाहीं. ज्यांच्या गांवचे दाखले युद्धांत जळाले किंवा कधीं लिहिलेच गेले नाहींत, त्यांच्याच वांट्याला ही कुजबुज विशेषेंकरून येते, हें मात्र विसरतां येत नाहीं. तेव्हां मूल मैदानावर प्रथम येतें त्या दहाव्या-अकराव्या वर्षींच त्याची नोंद पक्की करून ठेवणें, हा उपाय क्ष-किरणांहून स्वस्त आणि अधिक न्याय्य दिसतो. त्या वयांत चार वर्षें लपवूं म्हटलें तरी लपत नाहींत.