आधी फरशी, मग भिंत

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

दसरा-दिवाळी जवळ आली की घराघरांत रंगाचा विषय निघतो. दुकानातून शेडकार्ड येतं, चहाच्या कपाबरोबर ते हातोहात फिरतं आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "काही भडक नको बाई, आपला साधासा रंग द्या." हा साधासा रंग म्हणजे पांढरट, मोतिया, बदामी, करडा किंवा राखाडी. दुकानात याला न्यूट्रल शेड म्हणतात. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांकडून रंगचक्र घोटून घेतलं. तरीही सांगतो, हा साधासा रंग निवडणं सगळ्यांत अवघड. माझीच फजिती झाली, म्हणून आज हा विषय घेतला.

आमचं घर खंडाळ्यात. मुंबईहून घाटात लागतो तो खंडाळा नव्हे, तर पुण्याहून साताऱ्याकडे येताना शिरवळ मागे पडल्यावर आणि खंबाटकी घाट चढायच्या आधी लागतो तो. घर जुनं, गावठाणातलं. सोप्यातली फरशी वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, 1978 साली घातली. मोझॅकची. पिवळसर जमिनीवर तपकिरी, विटकरी आणि काळी खडी. त्या काळी फरशी बसवल्यावर मशीन लावून घासून घेत. ते घासकाम चालू असताना अण्णा दोन दिवस उकिडवे बसून कोपरान् कोपरा बघत होते, असं आई अजून सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलानं घर नीट करायचं ठरवलं. त्याच्या मनात ही फरशी झाकून वरून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवायच्या होत्या. आई ऐकेना. "तुमच्या अण्णांची फरशी हाय ती. मी हाय तवर ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाली. मग फरशी राहिली आणि भिंतींचा रंग बदलायचं ठरलं. हल्ली फॅशनमध्ये असलेला फिकट राखाडी रंग मुलानं शेडकार्डावर पसंत केला. मीही मान डोलावली. राखाडी म्हणजे कशाशीही जुळणारा, अशी माझीही समजूत.

समोरची आणि बाजूची अशा दोन भिंती रंगवून झाल्या आणि काहीतरी बिघडलं. कार्डावर राखाडी दिसणारा रंग भिंतीवर जांभळट दिसू लागला. त्याहून वाईट म्हणजे फरशी मळकी दिसू लागली. आईनं ती पुसायला घेतली. सकाळी पुसली, दुपारी पुसली, संध्याकाळी पुन्हा बादली घेऊन बसली. "किती पुसली तरी मळकीच दिसतीया," म्हणाली. ब्याऐंशी वर्षांची बाई, गुडघे धरलेले. सुनेनं हातातलं फडकं काढून घेतलं, "आत्या, स्वच्छ आहे हो फरशी," म्हणून समजूत घातली. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अण्णांची फरशी आपल्याकडून नीट राखली जात नाही, हे तिच्या मनाला लागलं होतं.

फरशीत काहीच बिघाड नव्हता, रंगही चांगला होता. दोघं एकमेकांशेजारी आले, हेच बिघडलं होतं.

याचं कारण दोनशे वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीत सापडतं. पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा चित्रपट विणणारा मोठा कारखाना आहे. चित्रपट म्हणजे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं. तिथल्या रंगाई विभागावर 1824 मध्ये शेव्हरूल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. काळा धागा फिका दिसतो, अशी विणकरांची तक्रार होती. शेव्हरूलनं धागा तपासला, तर रंग पक्का निघाला. मग त्याच्या लक्षात आलं की निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणल्यामुळे तो काळा फिका वाटतो. शेजारचा रंग डोळ्याला फसवतो, हा नियम त्यानं 1839 साली पुस्तकात सविस्तर मांडला. एका रंगाशेजारी दुसरा ठेवला की प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्या विरुद्ध टोकाकडे ढकलतो. पिवळ्याच्या विरुद्ध टोकाला जांभळा. आमच्या पिवळसर फरशीनं राखाडी भिंतीला जांभळट केलं आणि त्या भिंतीनं फरशीचा पिवळेपणा वाढवून ती मळकी करून टाकली. मी हेच रंगचक्र फळ्यावर शेकडो वेळा काढलं होतं. घरच्या भिंतीवर मात्र ते आठवलं नाही.

आपल्या आजी-पणजींना हे कळत होतं. चुन्याचा हात द्यायच्या आधी त्या पाण्यात थोडी नीळ टाकत. चुन्याला किंचित पिवळट झाक असते, निळीनं ती मारली जाते आणि भिंत जास्त पांढरी दिसते. म्हणजे पांढऱ्यातही झाक असते, हे त्यांना ठाऊक होतं. न्यूट्रल रंगांचं तसंच आहे. त्यांना रंग नसतो असं नाही, तो लपलेला असतो. एक बदामी गुलाबीकडे झुकतो, दुसरा पिवळ्याकडे, तिसरा हिरव्याकडे. राखाडीत कुठे निळा असतो, कुठे तपकिरी. कार्डावरच्या दोन इंचांत ही झाक कळत नाही. भिंतभर पसरली की ती बोलू लागते.

आमच्या तालुक्याची गंमत बघा. 2013 मध्ये खंडाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एशियन पेंट्सचा कारखाना सुरू झाला. त्याची सुरुवातीचीच क्षमता वर्षाला तीन लाख किलोलिटर रंगाची. रंग आमच्या शिवारात तयार होतो, दुकानात मशीनवर हवी ती छटा मिसळून मिळते. पण आपल्या फरशीला कुठली छटा चालेल, हे मशीन सांगत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं. आणि एकदा मिसळलेला डबा दुकानदार सहसा परत घेत नाही, हेही लक्षात ठेवावं.

मग बघायचं कसं? आधी फरशी धुवून, वाळवून घ्या. जुन्या मोझॅकवर मेणाचा, मळाचा थर असतो. तो काढल्याशिवाय खरा रंग कळत नाही. घासून पॉलिश करायची असेल, तर तीही रंगाच्या आधी करा. मग फरशीवर एक कोरा पांढरा कागद ठेवा. कागदाशेजारी फरशीची झाक लगेच उघडी पडते. जी फरशी आपण वर्षानुवर्षं पांढरी म्हणत आलो, ती गुलाबी किंवा पिवळसर आहे हे दिसतं.

आपल्याकडच्या फरश्यांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. कर्नाटकातून येणारी शहाबादी बहुधा निळसर करडी. तिच्यावर भिंतीही थंड करड्या केल्या, तर पावसाळ्यात खोली उदास वाटते. तिथे किंचित उबदार पांढरा शोभतो. राजस्थानातून येणाऱ्या कोट्याला बहुतेक वेळा हिरवट झाक असते. त्याच्याजवळ गुलाबीकडे झुकणारा बदामी रंग दिला की कोटा आणखी हिरवा दिसतो, कारण लाल आणि हिरवा समोरासमोरचे. लाल कोबा असेल तर हिरवट राखाडी टाळावा, नाहीतर जमीन अंगावर येते. आणि हल्ली घरोघरी दिसणारी, गुजरातेतल्या मोरबीकडून येणारी फिकट व्हिट्रिफाइड टाइल. तिला आपण क्रीम म्हणतो, पण एक क्रीम पिवळं, दुसरं गुलाबी. तिच्याशेजारी निळसर झाकेचा शुभ्र पांढरा रंग लावला की नवी कोरी फरशीही जुनाट दिसते. शिवाय ही फरशी चकचकीत असते. तिच्यावरून उडालेला उजेड भिंतीच्या खालच्या भागावर पडतो आणि तिथला रंग बदलतो.

खडीच्या मोझॅकमध्ये चार-पाच रंग असतात. त्यांतला कुठला धरायचा? खडीतला उठून दिसणारा रंग भिंतीसाठी धरू नये. जमिनीचा, म्हणजे खडी ज्या सिमेंटात बसवलेली असते त्याचा रंग धरावा आणि त्याच जातीतली बरीच फिकी छटा घ्यावी.

छटा ठरवताना भिंतीवर थेट पट्टे मारून बघू नका. जुन्या रंगाच्या शेजारी नवा पट्टा खोटा दिसतो. दोन फूट बाय दोन फुटांचा पुठ्ठा किंवा प्लायवुडचा तुकडा घ्या. कडेला थोडी पांढरी जागा सोडून त्यावर नमुन्याच्या छोट्या डबीतल्या रंगाचे दोन हात द्या. ओला रंग वेगळा दिसतो आणि वाळलेला वेगळा, म्हणून पूर्ण वाळू द्या. मग तो तुकडा फरशीवर उभा करून भिंतीला टेकवा. आडवा ठेवू नका, कारण उभ्या भिंतीवर उजेड निराळा पडतो. सकाळी बघा, भर दुपारी बघा, दिवेलागणीला बघा. आमच्या सोप्यात सकाळचं ऊन येतं, पण दुपारनंतर समोरच्या घराची पोपटी भिंत उजळते आणि तिचा हिरवा उजेड आमच्या भिंतीवर येतो. हे दुकानात कुणाला कसं कळणार?

दिव्याचंही तसंच. एलईडी दिव्याच्या खोक्यावर एक आकडा असतो. 2700 किंवा 3000 असेल तर उजेड पिवळसर, 6500 असेल तर निळसर पांढरा. दिवसा एकसारख्या दिसणाऱ्या दोन छटा रात्री दिव्याखाली वेगळ्या दिसू शकतात. म्हणून दिवे बदलायचे असतील तर आधी दिवे बदला, मग रंग निवडा. काही शेडकार्डांवर रंग किती उजेड परत फेकतो याचाही आकडा असतो. काळ्याला शून्य धरतात आणि शुद्ध पांढऱ्याला शंभर. अंधाऱ्या सोप्याला सत्तरच्या वरचा रंग घेतलेला बरा.

हे सगळं मी पुन्हा पहिल्यापासून केलं. रंगकाम करणारा पेंटर माझाच विद्यार्थी. तो हसून म्हणाला, "सर, मी तर म्हणत होतो, फरशी आधी, भिंत मागनं. फरशी काय हलत नाय." त्यानं तीन तुकडे रंगवून दिले. एक मोतिया, एक पिवळसर राखाडी, एक बदामी. आम्ही ते तीन दिवस सोप्यात ठेवले.

त्यात एक नवीनच गोष्ट कळली. आईच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं राहिलंय. तिनं एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा, आणि म्हणाली, "ह्या डोळ्यानं पांढरं दिसतंय, त्या डोळ्यानं पिवळं." वय वाढतं तशी डोळ्यातली भिंगं पिवळी पडत जातात आणि निळा उजेड अडवतात. ऑपरेशननंतर तो एकदम आत येतो. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकारानं 1923 मध्ये एका डोळ्याचं असं ऑपरेशन करून घेतलं, त्यानंतर त्यालाही सगळं निळसर दिसू लागलं होतं. म्हणजे मुलानं पाहिलेला राखाडी आणि आईनं पाहिलेला राखाडी एक नव्हता. आम्ही तिला विचारलंच नव्हतं. त्या खोलीत दिवसाचे बारा तास तीच बसते.

आणखी एक. मुलाच्या मनात पट्टीही, म्हणजे भिंतीच्या तळाचं स्कर्टिंग, भिंतीच्याच रंगाची करायची होती. म्हाताऱ्या माणसाला भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते हे स्पष्ट दिसायला हवं. सगळंच एका रंगाचं झालं तर पावलाचा अंदाज चुकतो. म्हणून अण्णांच्या वेळची गडद तपकिरी पट्टी तशीच ठेवली आणि उंबऱ्यालाही तोच रंग दिला.

शेवटी आईनं निवडला तो पिवळसर राखाडी. नुसता राखाडी म्हणाल तर राखाडी नाही, नुसता पिवळा म्हणाल तर पिवळा नाही. फरशीच्या जमिनीचाच, पण कितीतरी फिका. आधीच्या दोन भिंतींवर पुन्हा दोन हात द्यावे लागले, थोडे पैसे वाया गेले. मुलाला तो रंग अजूनही जरा जुन्या वळणाचा वाटतो. वाटू दे.

रंग वाळला, सामान जागेवर लावलं, त्या संध्याकाळी आई सोप्यात येऊन बसली. खाली बघितलं आणि सुनेला म्हणाली, "आज कुनी पुसली गं फरशी? लई स्वच्छ झालीया." त्या दिवशी फरशी कुणीच पुसली नव्हती. आम्ही काही बोललो नाही. बादली मात्र दुसऱ्या दिवशी मोरीतच राहिली.

तेव्हा श्रोतेहो, येत्या दिवाळीला घर रंगवणार असाल, तर शेडकार्ड उघडण्याआधी एक कोरा कागद फरशीवर ठेवून बघा. आणि त्या खोलीत जास्त वेळ कोण बसतं, त्याला किंवा तिला एकदा विचारा.