विम्याचा खरा हक्कदार कोण?



न्यासाच्या महोत्सवात शाळामास्तराने शिक्षणावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु आमच्याकडे फीमाफीचे जे अर्ज येतात, त्यांच्यामागे पुष्कळदा घरातील मिळवत्या माणसाचा मृत्यू आणि अडकून पडलेले विम्याचे पैसे असतात. म्हणून आज आम्ही विम्यावरच बोलणार आहो. आणि तेही अशा एका प्रसंगावर, ज्याचा उच्चार चारचौघांत कोणी करीत नाही. ज्याचे नाव विमेदाराने पॉलिसीवर घातले, त्याच्याच हातून विमेदाराचा घात झाला, निदान तसा आरोप आला, तर ती रक्कम कोणाची?

अशा वेळी लोक दोन टोकांच्या गोष्टी बोलतात. काही म्हणतात, "नाव त्याचे आहे, पैसे त्यालाच जाणार." दुसरे म्हणतात, "खुनाचे प्रकरण आहे, कंपनी आता दमडीही देणार नाही." ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि या चुकीचा भुर्दंड बहुधा पोरक्या मुलांना पडतो.

प्रथम नॉमिनी म्हणजे काय, ते पाहू. १९३८ च्या विमा कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे विमेदार आपल्या पश्चात रक्कम कोणाच्या हाती द्यावी, त्याचे नाव नोंदवितो. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली असे स्पष्ट केले की, नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा हात होय, मालकी वारसांची. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पतिपत्नी व मुले हे नॉमिनी असल्यास लाभही त्यांचाच, अशी तरतूद झाली. या तरतुदीच्या अर्थाविषयी न्यायालयांत एकमत नाही. आपल्या जवळच्या धारवाड खंडपीठाने २०२५ मध्ये, या तरतुदीमुळे वारसा कायदा बाजूस सरत नाही, असा निर्णय दिला. पण घातकी नॉमिनीचा प्रश्न या वादाहून वेगळा आहे. तेथे तत्त्व जुने आणि सरळ आहे: आपल्या अपराधाचे फळ कोणालाही खाता येत नाही.

या तत्त्वाचा प्रसिद्ध खटला इंग्लंडातला. लिव्हरपूलचा कापसाचा व्यापारी जेम्स मेब्रिक १८८९ साली वारला आणि त्याला विष घातल्याबद्दल त्याची पत्नी फ्लॉरेन्स दोषी ठरली. त्याने पत्नीच्या लाभासाठी दोन हजार पौंडांचा विमा उतरविला होता. कंपनी म्हणाली, आम्ही देणेच लागत नाही. अपील न्यायालयाने ते मानले नाही. पत्नीचा हक्क बुडाला, पण कंपनीचे देणे बुडाले नाही. रक्कम मृताच्या मिळकतीत जमा व्हावी, असे ठरले. फ्लॉरेन्सची फाशी पुढे जन्मठेपेत बदलली, आणि ती खरोखर दोषी होती की नाही, हा वाद आजही मिटलेला नाही. तोही धडा आपण ध्यानात ठेवावा.

आपल्याकडे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे २५ वे कलम खून करणाऱ्यास व खुनाला साहाय्य करणाऱ्यास वारसा नाकारते. तो मृताच्या आधीच वारला, असे धरून वाटणी होते. मुसलमानी कायद्यातही वध करणारा वारस होत नाही. हनफी मतानुसार चुकून हातून घडलेल्या वधानेही हक्क जातो. शिया मतानुसार तो हेतुपुरस्सर असावा लागतो. हिंदू कायद्यात शब्द खून असा आहे. नवऱ्याची स्कूटर घसरून मागे बसलेली बायको दगावली, तर तेवढ्याने तो खुनी होत नाही.

आता एक हिशेब करू. समजा, एका हिंदू नोकरदार बाईचा बारा लाखांचा विमा आहे, नॉमिनी नवरा, आणि दोन लहान मुले आहेत. मृत्युपत्र नसल्यास एरवी वारसाहक्काने तिघांना चार चार लाख येतील. नवरा खुनी ठरल्यास त्याचा वाटा गळतो आणि मुलांना सहा सहा लाख येतात. बापाचा दोष मुलांच्या माथी येत नाही, कारण ती आईची वारस आहेत.

परंतु हे आपोआप होत नाही. कंपनीला हरकतीची खबर नसेल आणि तिने नॉमिनीला पैसे देऊन टाकले, तर ती आपल्या जबाबदारीतून मोकळी होते. मग मुलांनी बापावर दावा लावीत बसावे. म्हणून मुलांच्या आजीने अथवा मामाने पहिल्या काही दिवसांतच विमा कार्यालयात लेखी हरकत द्यावी. पॉलिसीचा क्रमांक, मृत्यूचा दाखला, पोलिसांतील फिर्यादीची नक्कल व वारसांची नावे सोबत जोडावी आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कागदावर राहत नाही. हक्काबद्दल तंटा असल्यास ४७ व्या कलमाखाली कंपनीला ती रक्कम न्यायालयात भरता येते. तसे व्हावे, अशी मागणी अर्जातच करावी.

दुसरे काम जिल्हा न्यायालयात. तेथून वारसा दाखला मिळवावा. आणि मुलांचा नैसर्गिक पालकच आरोपी असेल, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली दुसरा पालक नेमून घ्यावा. मुले सज्ञान होईपर्यंत रक्कम बँकेत मुदतठेवीत ठेवण्याचा आदेश मागावा. फौजदारी खटल्याचा निकाल लागेपर्यंत स्वस्थ बसू नये. विम्याच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची आहे. ती मृत्यूपासून, अथवा कंपनीने नकार दिल्यास त्या नकारापासून मोजतात. फौजदारी खटले याहून लांबतात, हे सर्वजण जाणतात.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. आरोप म्हणजे अपराध नव्हे. जमातीने, शेजाऱ्यांनी किंवा न्यासाच्या मंडळींनी कोणाला खुनी ठरवू नये. हरकत घेण्याचा अर्थ एवढाच की, न्यायालय सांगेपर्यंत पैसा कोणीही उचलू नये. आरोपी निर्दोष ठरला, तर त्याचा वाटा त्याला सुखरूप मिळेल. दोषी ठरला, तर मुलांचा घास वाचेल. दोन्ही बाजूंचे रक्षण यातच आहे.

या न्यासाने आजवर विधवांना शिवणयंत्रे दिली, मुलांना पुस्तके दिली. आमची विनंती आहे की, आता वर्षातून एक दिवस सभासदांच्या पॉलिसी तपासण्यासाठी ठेवावा. नॉमिनी कोण, तो हयात आहे काय, तो अज्ञान असल्यास त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणारा नेमला आहे काय, लग्नानंतर नाव बदलले काय, हे पाहावे. आणि ज्या घरावर असा घाला पडेल, त्या घरच्या म्हाताऱ्या आजीबरोबर विमा कार्यालयापर्यंत चालत जाणारा एक जाणता माणूस न्यासाने द्यावा. ती बाई अर्ज लिहू शकत नाही, आणि कोर्टाची पायरी चढायला भिते. तिला देणगीइतकीच सोबतीची गरज असते.