'दूध पुरत नाही' या तक्रारीविषयी
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत जमाखर्च मांडताना इमारत, यंत्रसामग्री आणि औषधे यांविषयीच प्रामुख्याने बोलले जाते. यंदा अंदाजपत्रकातील एका लहानशा रकमेविषयी बोलण्याची अनुज्ञा असावी. 'स्तनपान सखी : मानधन व प्रवासखर्च' असे त्या बाबीचे नाव आहे. ही बाब प्रथम आमच्यापुढे आली तेव्हा तिच्यासमोर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढणारे आम्हीच होतो. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. बाळाला दूध पाजणे आईला कोणी शिकवावे आणि त्याचे पैसे संस्थेने द्यावेत, हे काही केल्या पटत नव्हते.

मत बदलण्यास एक तक्रार निमित्त झाली. भेटीची वेळ संपल्यावरही प्रसूतिकक्षात एक परकी बाई बसून असते, असे कोणीतरी कळविले. आम्ही स्वतः गेलो आणि पडद्याबाहेर थांबलो. आत चोपडा तालुक्यातील एक पहिलटकरीण होती. शस्त्रक्रियेने प्रसूती होऊन तिसरा दिवस. बाळ रडत होते. सासूबाईंनी मुलाला पावडरच्या डब्यासाठी बाहेर पिटाळले होते. "दूध पुरस नही," एवढेच ती मुलगी पुन्हा पुन्हा म्हणत होती. परकी बाई म्हणजे आमची सखी. तिने उपदेश केला नाही, सासूबाईंना दोषही दिला नाही. "मावशी, बाळाला तुम्हीच घ्या, मी उशी लावते," असे म्हणून तिने त्यांनाच कामाला लावले. पुढचे परिचारिका भगिनींनी सांगितले. टाक्यांवर भार पडू नये म्हणून बाळाला काखेच्या बाजूने आणले, त्याने तोंड मोठे उघडेपर्यंत वाट पाहिली आणि हनुवटी आधी टेकेल अशा रीतीने छातीशी धरले. थोड्या वेळाने रडणे थांबले. डबा आला, पण तो उघडावा लागला नाही.

ही सखी आमच्याच कक्षात दोनदा बाळंत झालेली आहे. पहिले लेकरू तिने वरच्या दुधावर वाढविले, दुसऱ्याला सहा महिने केवळ अंगावर पाजले. तिच्या "माझंही असंच झालं होतं" या बोलण्याला जी किंमत मिळते, ती आमच्या भिंतीवरील तक्त्यांना कधी मिळाली नाही.

यामागील शास्त्र आम्हाला बालरोगतज्ज्ञांनी समजावून सांगितले. पहिल्या दिवशी बाळाचे पोट इतके लहान असते की चमचाभर चीकही त्याला पुरतो. भरपूर दूध बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान उतरते आणि बाळ जितके ओढील तितके ते तयार होते. याच दोन-तीन दिवसांत बाटली आली की ओढणे कमी, म्हणून दूध कमी, म्हणून पुन्हा बाटली. आपल्या खान्देशात गाय व्यायली की तिच्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी आवडीने वाटतात; बाईचा चीक मात्र अनेक घरांत अजूनही पिळून टाकतात आणि बाळाला मध चाटवितात. हे कोडे आम्हाला उलगडलेले नाही.

दुसरी अडचण उन्हाची. मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि घरातील वडीलधारी मंडळी मायेनेच बाळाला पाण्याचे चमचे पाजतात. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते, तेव्हा सहा महिन्यांपर्यंत वेगळे पाणी लागत नाही. अधिक वेळा पाजावे आणि आईने पोटभर पाणी प्यावे. हे आजीबाईंना पटवून देणे सुनेच्या आवाक्याबाहेरचे असते. तेथे सखीच लागते.

हिशेबाचेही सांगतो, कारण तो आमचा विषय. पावडरच्या एका डब्याला शेतमजूर बाईच्या दिवसाच्या मजुरीहून अधिक पैसे पडतात आणि केवळ त्यावर असलेल्या महिन्याभराच्या बाळाला तो आठवडाभरही पुरत नाही. मग पावडर कमी आणि पाणी जास्त, असे सुरू होते. ते बाळ पुढे जुलाब लागून आमच्याकडेच येते. १९९२ च्या कायद्याने या पावडरीच्या जाहिरातीला व फुकट नमुन्यांना बंदी केली, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. परंतु भेदरलेल्या बापाला दुकानात जाण्यापासून कायदा कसा अडवणार?

हा प्रयोग आमचा नव्हे. ढाका शहरात स्थानिक मातांना दहा दिवसांचे शिक्षण देऊन घरोघरी पाठविण्यात आले. पाचव्या महिन्यात त्यांच्या भेटी लाभलेल्या ७० टक्के माता बाळाला केवळ अंगावर पाजत होत्या. इतरांत हे प्रमाण ६ टक्के होते. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत केलेल्या घरोघरच्या नवजात बाळसेवेचा वृत्तांत आला होता. २०११ पासून आशा कार्यकर्त्या देशभर त्या धर्तीवर बाळंतिणीच्या घरी जातात. आमच्या सख्या त्यांच्या जागी नाहीत. घरी जाण्यापूर्वीचे दिवस आणि आशाताईंनी बोलावले तर पुढची एखादी फेरी, एवढेच त्यांचे क्षेत्र.

एक चूक मात्र सभेपासून लपवू इच्छित नाही. एका उन्हाळ्यात आमच्या एका सखीने एका मातेला "दूध येईल, धीर धरा" असे दोन दिवस सांगितले. बाळ सुस्त होते, लंगोट कोरडे राहत होते. बाळाला परत आणले तेव्हा त्याचे वजन बरेच उतरले होते. अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. सुदैवाने ते बरे झाले. दोष त्या बाईचा नव्हता. तिला उत्साह शिकविला आणि थांबावे कोठे हे शिकविले नाही, तो दोष व्यवस्थापनाचा. तेव्हापासून प्रत्येक सखीच्या वहीत वजनाचा रकाना आहे. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसातून सहा वेळा लघवी होत नसेल, बाळ पिवळे किंवा मलूल दिसत असेल, तर समजूत घालीत न बसता डॉक्टरांना बोलवावे. अशा वेळी वरचे दूध लागले तर डॉक्टर ते देतात, आणि त्यात आईला लाज वाटावी असे काही नाही, हेही सखीनेच सांगावयाचे आहे.

एका प्रश्नापुढे आमच्या सख्या निरुत्तर होतात. २०१७ पासून नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची प्रसूतिरजा मिळू लागली. केळीच्या बागेत किंवा कापूस वेचणीला जाणाऱ्या बाईला कसली रजा? दूध काढून वाटीत झाकून ठेवावे, तर आपल्याकडील उन्हात ते फार वेळ टिकत नाही. काही सासवा बाळाला बांधावर घेऊन जातात, काही मुकादम मधली सुट्टी देतात. यापलीकडे सध्या तरी उपाय हाती लागलेला नाही.

आज ठरावासाठी मांडलेली वाढ दोन कारणांसाठी आहे. सख्यांना मिळणारे मानधन त्यांच्या बुडालेल्या मजुरीइतकेही नाही. दुसरे, सायंकाळनंतर सातपुड्याकडील गावांना बस मिळत नाही आणि त्यांना रिक्षाचे भाडे पदरचे भरावे लागते. रात्रीच्या पाळीसाठी एक सखी आणि एक वजनकाटा, एवढी भरही आम्ही त्यात घातली आहे. बाळे रात्रीच अधिक रडतात आणि डबेही रात्रीच अधिक आणले जातात. या बाबीपुढचे लाल प्रश्नचिन्ह आम्ही खोडले आहे. मंजुरीची सही विश्वस्तांची हवी.