हिरव्या दिव्याचे सेकंद कोणाचे?



सीताबर्डीचा बाजार करून रस्ता ओलांडायचा म्हणजे एका हातात पिशवी, दुसऱ्यात पोराचं बोट. आपण अर्ध्यावर असतो आणि सिग्नल सुटतो. मग धावायचं. आपल्याला वाटतं, आपलीच चाल मंद. मी म्हणते, हिशेबच अपुरा आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात पायी चालणाऱ्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे १८ मीटर रुंदीच्या रस्त्याला १५ सेकंद. पण दिवस भरलेली बाई किंवा काठी टेकत जाणारी आजी ०.८ मीटरने चालली, तर तिला २२-२३ सेकंद लागतात. वरचे हे सात-आठ सेकंद कोणी मोजायचे?

२०२० मध्ये मुंबईत दादरला सिग्नलवर बाईची आकृती आली. आनंद वाटला. २०२१ मध्ये नागपुरात 'आय-रास्ते' प्रकल्प सुरू झाला. चालकाला धोक्याची सूचना देणारी यंत्रं शहर बसमध्ये बसवली गेली. तीही हवीतच. पण चित्र बदललं, बस शहाणी झाली, तरी चालणारीला तिचे सेकंद मिळायलाच हवेत.

तेव्हा घड्याळ आणि टेप घेऊन आपापल्या चौकात उभ्या राहू. मोजू, लिहून काढू, आणि ते आकडे महापालिकेपुढे ठेवू.