माय वं, खेळायले जाऊ का?

गटाच्या बैठकीत आपण हप्ता बोलतो, कर्ज बोलतो, सोयाबीनचा भाव बोलतो. आज थोडा वेळ लेकरांच्या खेळाचं बोलू.

निंदायला जाताना आपण तान्ह्याला धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधून निजवतो. त्यात चूक काही नाही, काम तर करावंच लागतं. पण बाळ जागं झालं तरी झोळीतच राहिलं, तर मान धरणं, पालथं पडणं, रांगणं हे त्यानं शिकावं कुठं? रांगत नसलेलं बाळ जागं असताना दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पोटावर ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाकर खायला बसलात की स्वच्छ गोधडीवर बाळाला पालथं टाका आणि जवळ बसा. झाला सराव.

बाळाला आत बसवायचा चाकांचा वॉकर घेऊ नका. त्यात पाय पक्के होत नाहीत, उलट बाळ पायरीवरून, चुलीकडं घसरतं. कॅनडा देशानं तर 2004 साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. त्यापेक्षा आपल्या आजीच्या काळचा, उभं राहून ढकलायचा लाकडी पांगुळगाडा बरा. तोही आपल्या नजरेसमोर. बहुतेक लेकरं दीड वर्षाची होईपर्यंत आधाराशिवाय चालतात. तुमचं चालत नसेल, तर "बाप बी उशिराच चालला होता" म्हणून थांबू नका. अंगणवाडी ताईला, आशाताईला दाखवा.

आता मोठ्या पोरींकडं वळू. शाळेत जाणाऱ्या लेकराला रोज एक तास दमछाक होईल असं खेळणं, पळणं लागतं. 2016 सालच्या जगभरच्या आकडेवारीत 11 ते 17 वयाच्या शंभरातल्या 78 मुलांना ते मिळत नव्हतं, आणि मुलींत हा आकडा 85 होता. आपल्या गावात काय होतं ते आपल्याला ठाऊकच आहे. पोरगी शहाणी झाली की दोरीवरच्या उड्या बंद. शाळेतून आली की पाणी, भांडी, धाकट्या भावाला सांभाळणं. भाऊ मात्र दप्तर टाकून मैदानावर. पोरगी काम करते म्हणजे व्यायाम झाला, असं आपण म्हणतो. पण पळणं, झेप घेणं, तोल सांभाळणं, नेम धरणं हे घागर उचलून येत नाही. वाढत्या वयातली हाडंही उड्यांनी, पळण्यानं मजबूत होतात.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी तो जिंकला. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. खो-खोला लागतं काय? दोन खांब आणि मोकळी जागा.

ती जागाच अडते. सुगीत मैदानावर सोयाबीन वाळतं, रस्त्यावर ट्रॅक्टर धावतात, संध्याकाळी दिवा नसतो. म्हणून पोरीला घरात ठेवण्यापेक्षा जागा मागू या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. तिथं ठराव मांडा : मैदान मोकळं ठेवा, तिथं दिवा लावा, आणि आठवड्यातले ठरावीक दिवस पोरींच्या खेळाचे. गटातल्या दोघी पाळीपाळीनं तिथं बसल्या, तर कोणत्याच मायला घोर राहणार नाही.

भुलाबाईच्या दिवसांत आपणही टिपऱ्या घेऊन घामाघूम व्हायचो, आठवतं ना? मग आज संध्याकाळी पोरगी दारात उभी राहून विचारील, "माय वं, खेळायले जाऊ का?" तेव्हा घागर तिच्या भावाच्या हातात द्या आणि तिला म्हणा, "जाय बाई, खेळून ये."