लखनौच्या सभागृहांतील दोन मराठी नावे

विधानसभेची मुदत संपली, की मागे उरते ती सभासदांची यादी. नाव, मतदारसंघ आणि पक्ष या तीन रकान्यांत पाच वर्षांचा इतिहास बसविलेला असतो. अशी यादी कोणी हौसेने वाचीत नाही. तथापि उत्तर प्रदेशच्या १९५७ ते १९६२ या दुसऱ्या विधानसभेची यादी मराठी माणसाने अवश्य चाळावी.

त्या वेळी ३४१ मतदारसंघांतून ४३० प्रतिनिधी निवडले गेले. कारण ८९ मतदारसंघ प्रत्येकी दोन सभासद पाठवीत असत. काँग्रेसला २८६ जागा मिळाल्या. एवढ्या बहुमतासमोर अल्पमताला बोलू देणे, हे अध्यक्षाचे खरे कर्तव्य. त्या आसनावर १९५२ पासून झाशीचे आत्माराम गोविंद खेर होते. १९५८ साली विधानपरिषदेच्या सभापतिपदी रघुनाथ विनायक धुळेकर आले, तेही झाशीचेच. म्हणजे मुदत संपेपर्यंत लखनौच्या दोन्ही सभागृहांचे नियमन मराठी वंशाच्या दोन गृहस्थांच्या हाती होते.

पेशवाईत मराठी कुटुंबे बुंदेलखंडात गेली आणि तेथेच रुजली. परंतु केवळ मराठी मतांच्या बळावर तेथे कोणी निवडून येणे शक्य नव्हते. खेर आणि धुळेकर यांना लोकांनी निवडले, ते आपल्या गावचे म्हणून. धुळेकर तर हिंदीचे कट्टर अभिमानी. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत हिंदुस्थानीतूनच बोलण्याचा त्यांनी धरलेला आग्रह प्रसिद्ध आहे.

याच मुदतीत, १ मे १९६० रोजी, भाषेच्या पायावर महाराष्ट्र राज्य निर्माण झाले. आपला कारभार आपल्या भाषेत चालावा, ही मागणी न्याय्यच होती. पण राज्य भाषेचे झाले, म्हणून प्रतिनिधित्वही मातृभाषेचेच असावे, असे मात्र त्यातून निष्पन्न होत नाही. लखनौने तसे मानले नाही.

याला एक किंमतही होती. ज्या सभागृहांचे ते प्रमुख होते, तेथे त्यांच्या पूर्वजांच्या भाषेला स्थान नव्हते; ती घरापुरती उरली. ही किंमत पत्करून त्यांनी तेथील जनतेचा विश्वास मिळविला. आज मराठी मुलुखात पिढ्यानपिढ्या राहिलेला परभाषी शेजारी निवडणुकीला उभा राहिला, तर आपण त्याचे काम आधी पाहू की आडनाव? लखनौची ती यादी आपल्याला हाच प्रश्न विचारते.