तेलाच्या डब्यातील पालेभाजी

मुंबईत रेल्वेमार्गालगतच्या पालेभाजीला नाल्याचे पाणी दिले जाते, ही तक्रार जुनी आहे. खिडकीत ४ तास ऊन येत असेल, तर चाळीतील गृहिणीलाही थोडी मेथी घरीच पिकविता येते. महिन्याची भाजी त्यात भागणार नाही, हे खरे. तेलाचा १५ किलोचा डबा आडवा कापून साबणाने धुवावा, कडा ठोकून बोथट कराव्यात, तळाशी भोके पाडावीत आणि वीतभर माती व कुजलेले शेणखत भरावे. मेथी ३-४ आठवड्यांत काढणीस येते. कोथिंबिरीसाठी धने रगडून, दोन दले करून पेरावेत. पाणी बेतानेच घालावे. नवशिक्यांची रोपे बहुधा अतिपाण्यानेच कुजतात. कीटकनाशकाचा डबा मात्र कितीही धुतला, तरी वापरू नये. त्यातील विषाचा अंश मुळांवाटे पानांत उतरू शकतो.